नी

महापुरात गावभागातलं दुकान तीन दिवस पाण्याखाली होतं.
ऑर्गनचे भाते फुगून फाटले,
पितळी सुरांवर कृष्णेचा गाळ बसला,
आणि शमुवेलमामाच्या एकुलत्या एका तबकडीवरचा
लाल कागद सुटून गेला.
उरली नखाएवढी चिंधी,
नावाची शेवटची दोन अक्षरं: नी.

इटलीत निम्म्यांची नावं अशीच संपत असतील.
मामा पूर्ण नाव घ्यायचा, पण दरवेळी वेगळं,
आणि दात गेल्यावर तर काहीच्या काही.

मिरजेच्या मिशनमधल्या डॉक्टरीणबाईंनी,
चॅपेलचा ऑर्गन दुरुस्त होईपर्यंत, तीन दुपारी
त्याला त्या माणसाची गोष्ट सांगितली होती,
आणि मजुरीवर वरकड म्हणून दिली ही तबकडी.
मामानं आम्हाला सांगितली ती पार सांगलीची करून:
पाववाल्याचा पोर. चर्चमध्ये भाता मारायचा.
पहिल्या नाटकाला पिटातून शिट्ट्या.
दुसऱ्याला मालक गल्ल्यासकट पळाला.
(आपल्याकडं काय वेगळं होतं रे?)
तिसरं लिहिलं अंथरुणात बसून, कोट विकला होता म्हणून,
शाई गोठायची, तर दौत काखेत धरून.
ते चाललं.
टांगेवाले त्याची चाल शिट्टीवर घ्यायला लागले.
टांगेवाल्यानं उचललं की झालं, मामा म्हणायचा,
मग कागद जाळले तरी चालतात.

त्याच्या नायिका मात्र मरतात.
प्रत्येक नाटकात, शेवटच्या अंकात, गात गात.
आमच्याकडं गैरसमज फिटतो, भैरवी होते,
लोक चपला शोधायला लागतात.
एकदा मी हसून म्हणालो,
क्षय झालेली बाई इतका वेळ, इतक्या वर गाते होय?
मामाच्या हातातला पेचकस थांबला.

रेबेकामामी वानलेसवाडीला सॅनिटोरियममध्ये गेली
तेव्हा मी जन्मलोही नव्हतो.
मंडळीच्या गायनात वरचा सूर तिचा असायचा.
शेवटच्या सकाळी ती एवढंच म्हणाली,
दूधवाल्याचे आठ...
आणि खोकली.
आठ काय? मामा मलाच विचारायचा.
आठ आणे? आठ दिवस?
दूधवाल्यानं कधी मागितले नाहीत.

तबकडी लागायची रविवारी, चर्चहून आल्यावर.
बाईचा आवाज चढत जायचा, कठडा नसलेल्या जिन्यानं,
आणि नीवर येऊन उभा राहायचा.
सा अगदी पुढ्यात. एक पाऊल.
तिथंच मामा सुई उचलायचा.
आम्ही पोरं माना खाली घालायचो.
मामा गेला तरी मला वाटत होतं,
दुःखानं उचलायचा.

पुरानंतरच्या दिवाळीत मी तबकडी धुतली,
कुपवाडच्या भंगारातून आणलेल्या यंत्रावर लावली
आणि हात मागं बांधून बसलो.
आवाज आला खरखरीतून,
पलीकडच्या काठावरून कुणी हाक मारावी तसा.
चढला. नीवर उभा राहिला.
आणि तबकडी संपली.
सुई मधल्या कोऱ्या जागेत खरडत राहिली.

म्हणजे पुढचं दुसऱ्या तबकडीवर होतं.
ती बाईंच्या ट्रंकेतून बोटीनं गेली असेल,
नाहीतर मिरज स्टेशनावरच फुटली असेल.
मामाला ठाऊक होतं, पहिल्या रविवारपासून.
तो फक्त सुईला खरडू द्यायचा नाही.

आज त्याचा स्वतःचा ऑर्गन उघडून बसलोय.
काळी एकचा सा धरला तर नी म्हणजे पांढरी एक.
पायटा मारतो, बोट ठेवतो:
आधी नुसती हवा, मग थोडा चिखल, मग सूर.
काळी एक अजून बसवलेली नाही.
काम खूप आहे, हेही खरं.

दारात दूधवाल्याची सायकल थांबते.
पांढरीवरचं बोट न काढता
मी आतूनच ओरडतो,
किती झाले?